एसी माणसांसाठी नाही, कागदासाठी बनला होता: विलिस कॅरिअरची गोष्ट (आणि आमच्या कॅम्परची फजिती)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे दोन. गंगापूर धरणाच्या बाजूला, गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका ओळखीच्यांच्या शेतात आम्ही पाच जण एका कापडी खोलीत बसलो होतो. कापडी खोली म्हणजे दादाचा पॉपअप कॅम्पर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: गाडीमागे ओढायचा एक बुटका ट्रेलर असतो. मुक्कामाला पोचलं की त्याचं छत वर उचलायचं, दोन्ही बाजूंनी झोपायच्या फळ्या बाहेर सरकवायच्या, आणि भिंती म्हणजे नुसतं जाड कॅनव्हास. दादाने तो अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला होता. आणि त्यात हौसेने एक टनाचा पोर्टेबल एसी ठेवला होता. चाकांवरचा, मागून हत्तीच्या सोंडेसारखा एक जाड होज निघालेला. होज खिडकीच्या चेनमधून बाहेर, आणि बाहेर भाड्याने आणलेला पेट्रोलचा जनरेटर.

आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता, त्यामुळे मरणाचा उबारा. एसीचा डिस्प्ले १८ दाखवत होता. मी बॅगेतला छोटा थर्मामीटर काढला: बाहेर ३४, आत ३३. पाऊण तास मशीन घुं घुं करत होतं आणि आमच्या वाट्याला एक अंश आला होता. वहिनीचं डोकं दुखायला लागलं. पाच वर्षांची भाची नेहमीपेक्षा लवकर आणि जरा जास्तच गाढ झोपली. मग आईला पेट्रोलच्या धुराचा वास आला, तिने दादाला हाक मारली, आणि दादाने दोन सेकंदांत सगळ्या चेन उघडून सगळ्यांना बाहेर काढलं. अर्धा-पाऊण तास आंब्याखाली बसल्यावर सगळे ठीक झाले. भाची उठून कुल्फी मागायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं. पण कोड चालला नाही की लॉग वाचायची सवय आहे, त्यामुळे घरी आल्यावर हे नक्की काय झालं ते शोधत बसले. शोधता शोधता जो माणूस सापडला त्याचं नाव तुम्ही बसमध्ये, मॉलमध्ये, ऑफिसच्या छतावर शंभर वेळा वाचलं असेल. विलिस कॅरिअर. ते कंपनीचं नाव आहे हे माहीत होतं, माणसाचं आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

सफरचंदं आणि अपूर्णांक

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या गावचा. एरी तळ्याच्या काठचं शेतकऱ्याचं घर, आणि हे एकुलते एक. (आपले दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकला जन्मले. म्हणजे दोघे एकाच पिढीतले. फाळके पुढे परत येणार आहेत, लक्षात ठेवा.)

शाळेत विलिसचं गाडं अपूर्णांकांवर अडलं. आईने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि कापायला बसवलं: अर्धं, पाव, अष्टमांश. मग तेच तुकडे परत जोडायचे, वजा करायचे. त्या दिवशी त्याला गणित कळलंच, पण गोष्ट फोडून बघायची सवयही लागली. घरातली घड्याळं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात या आईचा हातखंडा होता. विलिस अकरा वर्षांचा असताना ती वारली.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. कॉलेजला पैसे नाहीत, म्हणून काही वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. शेवटी परीक्षा देऊन स्कॉलरशिप मिळवली आणि कॉर्नेल विद्यापीठात पोचले. राहण्याखाण्याचा खर्च मात्र स्वतःच काढायचा होता: लोकांच्या घरचं गवत कापायचं, भट्ट्या पेटवायच्या, आणि मित्राला सोबत घेऊन विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देण्याची लाँड्री चालवायची. आजच्या भाषेत कॅम्पसवरचं स्टार्टअप. १९०१ मध्ये इंजिनिअर झाले आणि बफेलो फोर्ज नावाच्या कंपनीत लागले. आठवड्याला १० डॉलर. ही कंपनी पंखे, हीटर, लाकूड आणि कॉफी वाळवायची यंत्रं बनवायची. थंडाव्याशी तिचा काही संबंध नव्हता.

ब्रुकलिनचा कागद

१९०२ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स नावाच्या छापखान्याची तक्रार आली. ते रंगीत छपाई करायचे. रंगीत छपाईत एकच कागद मशीनमधून अनेकदा जातो, प्रत्येक रंगासाठी एकदा. दमट हवेत कागद पाणी पितो आणि फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. म्हणजे सोमवारी लाल रंग बसला, मंगळवारी पाऊस पडला, तर निळा रंग लालच्या बाजूला सरकून बसणार. चित्रातल्या बाईचे ओठ गालावर! ढीगच्या ढीग कागद वाया.

नाशिककरांना हे वेगळं समजावायला नको. आपल्या नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस आहेत, नोट प्रेस १९२८ पासून. नोटेवर एकावर एक किती रंग आणि किती बारीक रेषा असतात ते खिशातून एक काढून बघा. केसभर जरी सरकलं तरी ती नोट बाद. कागद आणि हवा यांचं भांडण काय असतं ते इथे कळतं.

कॅरिअर तेव्हा पंचविशीत होते, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. त्यांना विचारलं गेलं होतं की हवेतलं पाणी कमी-जास्त करता येईल का. खोली थंड करा असं कोणीच म्हटलं नव्हतं. आधी त्यांनी एक प्रयोग केला: मिठाच्या जातीचं एक रसायन (कॅल्शियम क्लोराइड) ओलावा शोषतं, त्यात भिजवलेल्या गोणपाटावरून हवा सोडली. हवा कोरडी झाली, पण खारट होऊन आली आणि लोखंड गंजणार हे दिसायला लागलं. प्रयोग बंद.

मग त्यांनी उलटा विचार केला. थंडगार पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात. ते पाणी ग्लासातून झिरपलेलं नसतं, हवेतलं असतं. थंड पृष्ठभागाला लागून हवा तिच्यातलं पाणी सोडून देते. मग हवा थंड नळ्यांवरूनच नेली तर? नळ्या किती थंड ठेवायच्या यावरून हवेत किती पाणी उरेल ते ठरणार. १७ जुलै १९०२ ही तारीख त्यांच्या आराखड्यावर आहे, आणि आधुनिक एअर कंडिशनिंगचा वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात. छापखान्यात वर्षभर ५५ टक्के आर्द्रता ठेवायचं उद्दिष्ट होतं. त्यासाठी नळ्यांमधून विहिरीचं गार पाणी आणि अमोनियाच्या यंत्राने थंड केलेलं पाणी फिरवलं.

हवा थंड झाली, हा साइड इफेक्ट. कामगारांना बरं वाटलं असणार, पण बिल कागदासाठी फाडलं होतं.

इथे एक शब्द सोडवून टाकू. तुमच्या एसीवर १ टन, दीड टन लिहिलेलं असतं ते मशीनचं वजन नाही. यंत्राने थंडावा येण्याआधी लोक बर्फ विकत घ्यायचे, त्यामुळे यंत्राची ताकदही बर्फात मोजायची पद्धत पडली. २४ तासांत एक अमेरिकन टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी उष्णता बाहेर फेकणारं मशीन म्हणजे १ टन. बीटीयूमध्ये तासाला १२,०००, वॉटमध्ये साधारण ३,५००. ब्रुकलिनच्या यंत्राची ताकद ५४ टन होती. आणि आम्ही कापडाच्या डब्यात १ टन घेऊन खुशीत बसलो होतो.

पिट्सबर्गचं धुकं

ब्रुकलिनचं काम चाललं, पण कॅरिअरचं समाधान नव्हतं. नळ्यांवर सतत पाणी साचतं, गंज चढतो. त्याच वर्षीच्या शेवटी एका संध्याकाळी ते पिट्सबर्ग स्टेशनवर गाडीची वाट बघत होते आणि सगळा प्लॅटफॉर्म धुक्यात बुडालेला होता. आपण असतो तर फोटो काढून स्टेटसला टाकला असता. ते विचार करत उभे राहिले.

धुकं म्हणजे काय? हवा १०० टक्के ओली. पण त्या थंडीत हवेत मुळात पाणी मावतं किती? अगदी थोडं. म्हणजे धुकं दिसायला ओलं, पण वजनाच्या हिशोबाने कोरडं! एक आकडा घ्या: १० अंशाला पूर्ण ओली असलेली हवा घेतली आणि तिला फक्त २० अंशापर्यंत तापवलं, तर तिची आर्द्रता आपोआप ५२-५३ टक्क्यांवर येते. पाणी काढलं नाही, घातलं नाही. म्हणजे हवं त्या तापमानाचं धुकं बनवता आलं की हवा तितकी कोरडी करता येते. आणि धुकं बनवायचं कसं? थंड पाण्याचे फवारे मारून.

हवा कोरडी करायला तिच्यावर पाणी शिंपडायचं! कल्पना ऐकून लोक चक्रावले असतील तर नवल नाही. पण गणित चोख होतं. पाण्याचा फवारा गंजत नाही, शिवाय हवेतली धूळही धुऊन काढतो. १९०४ मध्ये पेटंटचा अर्ज, २ जानेवारी १९०६ ला पेटंट. गंमत म्हणजे एअर कंडिशनिंग हा शब्द त्यांचा नाही. तो त्याच वर्षी स्टुअर्ट क्रॅमर नावाच्या सूतगिरण्यांच्या इंजिनिअरने वापरात आणला. गिरणीत कोरड्या हवेने सूत तुटतं, म्हणून तिथे हवेत ओलावा वाढवायचा असे. कॅरिअरच्या यंत्राला दोन्ही जमत होतं. गिऱ्हाइकं वाढत गेली, १९०७ मध्ये एक यंत्र थेट जपानला योकोहामाच्या रेशीम गिरणीत गेलं.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम यंत्र नाही. डिसेंबर १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक शोधनिबंध मांडला. हवेचं तापमान, तिच्यातलं पाणी, तिच्यात साठलेली उष्णता यांचं नातं सूत्रांत आणि एका आलेखात बांधलेलं. त्या आलेखाला सायक्रोमेट्रिक चार्ट म्हणतात. कोणताही एसीवाला इंजिनिअर आजही तो वापरतो. तुमच्या फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून जो आकडा दिसतो, ज्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तो याच हिशोबातला.

हा आलेख आम्ही निघण्याआधी बघितला असता तर एसी घरीच ठेवला असता. एप्रिलमधली नाशिकची कोरडी दुपार घ्या, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. अशा हवेवर पाणी शिंपडलं तर ती २१ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे गवताच्या जाळ्यांचा साधा कूलर, खिडक्या उघड्या ठेवून, २४-२५ ची हवा देईल. पंख्याइतकी वीज, जनरेटरची गरज नाही. पण वळवानंतर ३४ अंश आणि ५५ टक्के असेल तर तीच मर्यादा २६-२७ वर येते आणि हवा चिकट होते. तिथे कूलर हात टेकतो. दादाने कूलर नको म्हटलं ते त्या दिवसापुरतं बरोबर होतं. पुढचं सगळं चुकलं.

माणसांच्या खोलीत विष नको

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने नवीन प्रयोगांतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. त्याच सुमाराला घरातली मोठी दुःखंही त्यांच्या पदरात होती, पहिली पत्नी एडिथ १९१२ मध्ये गेली होती. २६ जून १९१५ ला कॅरिअर आणि त्यांचे सहा इंजिनिअर सहकारी बाहेर पडले. सगळ्यांनी मिळून ३२,६०० डॉलर जमवले आणि स्वतःची कंपनी काढली. दरम्यान १९१४ मध्ये मिनियापोलिसच्या एका श्रीमंत माणसाच्या बंगल्यात घरगुती एसी बसवला गेला होता, त्याची लांबी २० फूट! मालक राहायला येण्याआधीच वारला, आणि तो एसी बहुधा कधी चालूच झाला नाही, असं सांगतात.

तोपर्यंत हे सगळं कारखान्यांचं तंत्र होतं. सूत, कागद, तंबाखू, औषधं, चॉकलेट. माणसांच्या गर्दीत एसी नेण्यात मोठी अडचण होती ती अमोनियाची. तेव्हाच्या मोठ्या यंत्रांत थंडावा आणणारा वायू अमोनिया असे. तो जास्त दाबाखाली फिरतो. पाइप फुटला तर सगळीकडे पसरतो, डोळे आणि फुप्फुसं जाळतो. कारखान्यात दहा कामगार दार उघडून पळतील. पण थिएटरच्या अंधारात दीड-दोन हजार माणसं? चेंगराचेंगरीतच जातील.

कॅरिअरनी या अडचणीवर काही वर्षं घालवली. त्यांना दाबाने पिळणाऱ्या दांडपट्ट्याच्या कॉम्प्रेसरऐवजी पंख्यासारखा गरगर फिरणारा कॉम्प्रेसर हवा होता, आणि त्याला साजेसं, कमी धोक्याचं रसायन. रसायन त्यांना सापडलं डायलीन. जर्मनीत ते तेलकटपणा धुवायला वापरायचे. आणि २२ मे १९२२ ला नेवार्कमध्ये त्यांनी सेंट्रिफ्युगल यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं.

या यंत्रातली एक गोष्ट वाचली आणि मी खुर्चीत सरळ झाले. डायलीन बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर काम करतं. म्हणजे कुठे भोक पडलंच, तर आतलं रसायन बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत खेचली जाते. जिथे दाब कमी तिकडे हवा जाणार. या साध्या नियमाचा उपयोग करून त्यांनी माणसं वाचवली.

आणि आमच्या कॅम्परमध्ये अगदी हाच नियम आमच्या अंगावर आला. एक होज असलेला पोर्टेबल एसी काय करतो? त्याचा तापलेला भाग गार ठेवायला तो खोलीतलीच हवा घेतो आणि होजमधून बाहेर फेकतो. तासाला काही शे घनमीटर. आमच्या कॅम्परचं आतलं आकारमान होतं जेमतेम १२ घनमीटर. तासाला ३०० धरा, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांत आतली सगळी हवा बाहेर. मग आत दाब कमी होतो आणि तेवढीच हवा बाहेरून आत घुसते: चेनच्या फटीतून, कॅनव्हासच्या शिवणीतून, फळ्यांच्या खालून. मी नंतर हिशोब मांडला. त्या दिवशीची बाहेरची दमट हवा २४ अंशांपर्यंत थंड आणि कोरडी करायलाच त्या एक टनातली जवळजवळ सगळी ताकद जात होती. कापडातून येणारं ऊन आणि पाच माणसांची उष्णता थंड करायला काही उरतच नव्हतं. पक्क्या भिंतींच्या खोलीतही हा तोटा होतो, पण तिथे घुसणारी हवा निदान शेजारच्या खोलीतली असते.

आमच्याकडे ती कुठून येत होती? जनरेटर कॅम्परपासून सात-आठ फुटांवर होता. वायर तेवढीच लांब होती म्हणून. म्हणजे एसी स्वतःच एक्झॉस्टचा धूर ओढून आम्हाला पाजत होता. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आईला वास आला तो सोबतच्या न जळलेल्या पेट्रोलचा, नशिबाने. डोकं जड होणं आणि गुंगी येणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं, आणि झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. आम्हाला वाटत होतं, बिचारी उन्हाने दमली.

मंडळी, हा परिच्छेद जरा गंभीरपणे वाचा. तंबूत, कॅम्परमध्ये किंवा कारच्या मागे एसी लावणार असाल तर जनरेटर किमान २० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि त्याचं एक्झॉस्ट तुमच्या विरुद्ध दिशेला. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत असलाच पाहिजे. एसी घ्यायचाच तर दोन होजचा घ्या. त्यात तापलेला भाग थंड करायला लागणारी हवा एका होजने बाहेरूनच येते आणि दुसऱ्याने बाहेरच जाते, आतल्या हवेला हात लागत नाही.

रिव्होलीचे पंखे

परत गोष्टीकडे. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, जिथे सेलच्या गर्दीत उन्हाळ्यात माणसं चक्कर येऊन पडायची, तिथे तीन सेंट्रिफ्युगल यंत्रं बसली. आणि मग १९२५ च्या मेअखेरीला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचं रिव्होली थिएटर.

आधीच्या थिएटरांत गार हवा जमिनीतल्या भोकांतून वर सोडायचे. थंड हवा जड, ती खालीच राहणार. प्रेक्षकांचे पाय गोठायचे, म्हणून लोक पायाला वर्तमानपत्रं गुंडाळून बसायचे आणि वर डोक्याला घाम! कॅरिअरच्या मंडळींनी हवा वरून, छताकडून सोडली आणि खालून काढून घेतली. गार हवा आपल्या वजनाने हळूहळू उतरते, वाटेत थोडी कोमट होते, अंगावर झोत येत नाही. कॅम्परमध्ये एसी जमिनीवर ठेवून आम्ही पाय गार आणि डोकी गरम हा जुना प्रयोगही करून घेतला होताच.

रिव्होलीच्या पहिल्या दिवशी पॅरामाउंटचे मालक अडॉल्फ झुकर बाल्कनीत येऊन बसले होते, हे काय प्रकरण आहे बघायला. यंत्र सुरू व्हायला उशीर झालेला. लोक आत आले ते हातात पंखे घेऊनच आणि बसल्या बसल्या वारा घ्यायला लागले. भरलेलं थिएटर गार व्हायला वेळ लागतो. मागे उभे असलेल्या कॅरिअर आणि मंडळींचे प्राण कंठाशी. मग एकेक हात थांबत गेला. पंखे मांडीवर उतरले. शेवटी काही सवयीचे वारकरी तेवढे हलवत राहिले, तेही थांबले. माझ्या मते लाँच डे म्हणतात तो हा: डॅशबोर्ड नाही, ग्राफ नाही, फक्त हलणारे हात मोजायचे.

फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ चा. तेव्हा उन्हाळा म्हणजे थिएटरवाल्यांचा मंदीचा मोसम. एसी आल्यावर तोच मोसम तेजीचा झाला. मुंबईत रीगल १९३३ मध्ये एअर कंडिशनिंगसह उभं राहिलं. आणि नाशिक रोडवरून जाणाऱ्या पंजाब मेलला १९४५ मध्ये वातानुकूलित डबे लागले. मेमध्ये सिनेमा कुठला आहे ते न बघता आपण तिकीट काढतो, त्याचं मूळ त्या बाल्कनीत आहे.

त्यानंतरचं आयुष्य भरभर सांगते. १९२८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, पुढच्या वर्षी सिनेटमध्ये त्यांची यंत्रं लागली. घरगुती एसीही १९२८ मध्ये बाजारात आणला, पण लगेच महामंदी आली आणि तो चाललाच नाही. कंपनी कशीबशी तगली, १९३७ मध्ये सिराक्यूजला गेली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी इग्लूच्या आकाराचं दालन बांधलं. त्याच सुमाराला उंच इमारतींसाठी बारीक नळ्यांतून जोरात हवा नेणारी पद्धत काढली, नाहीतर एसीच्या पाइपांनीच अर्धे मजले खाल्ले असते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाचणीसाठी उंच आकाशातली उणे ५० च्याही खालची थंडी क्लीव्हलँडच्या एका बोगद्यात तयार करून दिली. म्हणतात की त्यांना स्वतःला ते सगळ्यात अवघड काम वाटायचं.

स्वभावाने कमालीचे विसरभोळे. प्रवासाला मोठी बॅग घेऊन निघाले आणि उघडली तर आत एकच रुमाल, असा एक किस्सा सांगितला जातो. डोक्यात आकडेमोड सुरू असली की समोरचं काही दिसायचं नाही. १९४८ मध्ये हृदयाच्या आजारामुळे निवृत्त झाले आणि ७ ऑक्टोबर १९५० ला वारले, ७३ व्या वर्षी. घरोघरच्या खिडकीत एसी दिसायला लागला तो त्यानंतर. ज्या गोष्टीसाठी जग त्यांना ओळखतं, तिची लाट त्यांनी पाहिलीच नाही.

एक तक्रार माझी आहेच. आतली उष्णता बाहेर फेकतो, पण बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न त्या पिढीने फारसा विचारला नाही. गल्लीत दहा एसी लागले की अकरावं घर जास्त तापतं. डायलीननंतर आलेल्या वायूंनी ओझोनचं काय केलं तेही आपल्याला माहीत आहे. पण खोलीत कोण बसणार आहे आणि पाइप फुटला तर त्यांचं काय होईल, हा प्रश्न कॅरिअरनी यंत्र विकण्याआधी विचारला होता. आम्ही जनरेटरची दोरी ओढण्याआधी विचारला नव्हता.

आता कॅम्परच्या छतावर चंदेरी शीट आहे, ती कॅनव्हासपासून चार बोटं वर बांधतो म्हणजे मधून वारा जातो. फक्त तेवढ्यानेच आतलं तापमान दुपारी पाच-सहा अंशांनी उतरलं. एप्रिलच्या ट्रिपला कूलर नेला. पोर्टेबल एसी आईच्या खोलीत लावलाय, होजभोवतीच्या फटी थर्मोकोल आणि टेपने बंद करून, आणि तिथे तो बरा चालतो. वहिनीने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला, तो कॅम्परमध्ये भाचीच्या उशीपाशी टांगलेला असतो. दर ट्रिपला निघताना त्याचं टेस्टचं बटण दाबायचं काम तिचंच आहे, आणि तो किंचाळला की ती खूश होते.